अटक, कैद, स्थानबद्धता : एकाच खासदाराच्या तीन तऱ्हा

एका वाचकाने पुढील शंका विचारली आहे. समाजवादी नेते मधु लिमये यांच्याविषयी मराठीत जे लिहिले गेले आहे, त्यात त्यांना कुठे 'अटक झाली', कुठे 'कैदेची शिक्षा झाली', तर कुठे 'स्थानबद्ध करण्यात आले' असे आढळते. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का, की लेखकांनी केवळ पुनरुक्ती टाळण्यासाठी ते पालटले आहेत?

चालत नाहीत, असे माझे मत आहे; आणि हा फरक समजावून सांगण्यासाठी लिमये यांच्याइतके सोयीचे उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल, कारण या तिन्ही गोष्टी त्यांच्या वाट्याला वेगवेगळ्या प्रसंगी आल्या.

'कैद' लवकर निकालात काढता येईल. १९५५ साली गोवामुक्तीच्या सत्याग्रहात ते गोव्यात शिरले, पोर्तुगीजांच्या लष्करी न्यायासनासमोर त्यांना उभे करण्यात आले आणि बारा वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. न्यायासन कसले होते हा प्रश्न अलाहिदा, पण निवाडा होता आणि मुदत ठरलेली होती. कैदेला मुदत असते, म्हणूनच आपण 'सहा महिन्यांची कैद' असे षष्ठी लावून म्हणतो. प्रत्यक्षात १९५७ मध्येच त्यांची सुटका झाली.

'अटक' ही घटना आहे. 'काल रात्री त्यांना अटक झाली' हे वाक्य एका क्षणाविषयी बोलते. पुढचा काळ सांगायचा झाला, तर 'अटकेत आहेत' अशी सप्तमी घ्यावी लागते. अटक झाली म्हटले की ऐकणारा लगेच 'कशासाठी?' असे विचारतो, आणि राज्यघटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदानेही तोच प्रश्न विचारला आहे : अटकेची कारणे शक्य तितक्या लवकर सांगा, वकिलाशी बोलू द्या, चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करा. नोव्हेंबर १९६८ मध्ये लिमये लोकसभेचे सदस्य असताना त्यांना बिहारमधील लखीसराय रेल्वे स्थानकावर काही सहकाऱ्यांसह अटक झाली. त्यांनी त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले; न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानले आणि अटकेची कारणे कळवली गेली नव्हती म्हणून सुटकेचा आदेश दिला. हे सारे घडू शकले, कारण ती 'अटक' होती आणि अटकेला कारण द्यावे लागते.

'स्थानबद्ध' या शब्दाची गोष्ट निराळी आहे. विग्रह सोपा आहे : स्थानी बद्ध, म्हणजे सप्तमी तत्पुरुष. हा शब्द मराठी माणसाच्या कानावर ठसला आहे तो मुख्यतः सावरकरांच्या रत्नागिरीतील वास्तव्यामुळे. १९२४ ते १९३७ या काळात त्यांना रत्नागिरी जिल्हा सोडण्याची मनाई होती, पण जिल्ह्याच्या आत ते हिंडत होते, भाषणे करत होते, सभा भरवत होते. तिथे 'स्थानबद्ध' हा शब्द अक्षरशः खरा होता. पुढे मात्र खटला न चालवता थेट तुरुंगात ठेवण्याच्या व्यवस्थेलाही हाच शब्द लागू झाला. स्थान जिल्ह्याएवढे होते, ते कोठडीएवढे झाले. शब्दाचा अर्थ वाढण्याऐवजी त्याच्या आतली जागाच आक्रसत गेल्याची अशी उदाहरणे थोडी असतील.

आज कायद्याच्या मराठीत 'प्रतिबंधक स्थानबद्धता' म्हणजे माणसाने काय केले यापेक्षा तो पुढे काय करील, या अंदाजावरून त्याला आत ठेवणे. हुकूम प्रशासनाचा असतो, आरोपपत्र नसते, खटला नसतो. घटनेने यालाही बाविसाव्या अनुच्छेदातच जागा दिली आणि सल्लागार मंडळाच्या अभिप्रायाशिवाय तीन महिन्यांपर्यंत माणसाला आत ठेवता येईल अशी मुभा दिली. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने ही मुदत दोन महिन्यांवर आणली. दुरुस्तीतील तेवढे कलम मात्र अजून अमलात आणलेले नाही. भाषेतही या फरकाची एक खूण दिसते. 'अटकपूर्व जामीन' हा शब्द आपल्याकडे पानटपरीवरही ऐकू येतो, पण 'स्थानबद्धतापूर्व जामीन' असा शब्द कोणी घडवला नाही, कारण तशी वस्तूच नाही. (वृत्तपत्रांतली 'प्रतिबंधात्मक कारवाई' ही बहुतेक वेळा आणखी तिसरीच, पुष्कळ सौम्य गोष्ट असते, मिरवणुकीच्या आदल्या दिवशी पोलीस करतात ती. तिची गल्लत इथे नको.)

जुलै १९७५ मध्ये लिमये यांना मिसाखाली, म्हणजे १९७१ च्या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली, आत टाकण्यात आले. ही स्थानबद्धता होती. आणीबाणीत या कायद्यात बदल करून कारणे सांगण्याचे बंधनही काढून टाकले होते, त्यामुळे १९६८ साली जे पत्र पुरेसे ठरले, तसे पत्र आता लिहून उपयोग नव्हता. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने सांगितले की, आणीबाणी असेपर्यंत अशा स्थानबद्धतेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणार नाही. विरोधी मत न्यायमूर्ती ह. रा. खन्ना यांचे होते.

संसदेच्या कामकाजातही हा शब्दभेद पाळलेला आहे. लोकसभेच्या कार्यपद्धतीचा २२९ वा नियम असा की, सदस्याला अटक झाली, शिक्षा झाली किंवा प्रशासकीय हुकुमाने स्थानबद्ध केले, तर संबंधित अधिकाऱ्याने कारण आणि ठिकाण अध्यक्षांना ताबडतोब कळवावे. त्यासाठी ठरलेला नमुना आहे, आणि त्यात अटक व स्थानबद्धता यांचे इंग्रजी प्रतिशब्द मधे तिरकी रेघ देऊन शेजारी शेजारी छापलेले आहेत. लागू नसेल तो खोडायचा. शब्दांकडे पाहण्याची सवय असलेल्या माणसाला त्या तिरक्या रेघेपाशी थांबावेसे वाटते. एका बाजूला खटल्याकडे जाणारी वाट आहे आणि दुसऱ्या बाजूला ती नाही. संसदेत हजर राहण्याचा हक्कही स्थानबद्ध सदस्याला वाचवत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकातच स्थानबद्ध खासदार आनंदन नंबियार यांच्या प्रकरणात स्पष्ट केले होते.

लिमये यांना तुरुंगाच्या आतून करता येण्याजोगी एक गोष्ट उरली होती. १९७६ साली लोकसभेची मुदत पाच वर्षांपलीकडे वाढवण्यात आली, तेव्हा लोकांनी दिलेला कौल संपला असे मानून लिमये आणि शरद यादव यांनी लोकसभेच्या सदस्यत्वाचे राजीनामे दिले. म्हणून त्या तारखेनंतरच्या लिमयांना 'स्थानबद्ध खासदार' म्हणणेही चूक ठरते. 'स्थानबद्ध माजी खासदार' म्हणावे लागेल. वाचकांना हे फारच काटेकोर वाटले, तर त्या राजीनाम्याचा काटेकोरपणा आठवावा.

तेव्हा 'लिमये यांना मिसाखाली अटक झाली' हे वाक्य बोलण्यात चालेल, लिहिताना 'मिसाखाली स्थानबद्ध करण्यात आले' असे करावे. याच काळाने दिलेल्या 'मिसाबंदी' या शब्दाबाबत मात्र जपायला हवे. दारूबंदी, नोटाबंदी यांच्या चालीवर तो वाचून 'मिसा कायद्यावर घातलेली बंदी' असा अर्थ लावणारी तरुण मंडळी मी पाहिली आहेत. इथला बंदी पुल्लिंगी आहे, त्याचा अर्थ बंदिवान असा आहे, आणि म्हणूनच 'ते मिसाबंदी होते' असे म्हणतात, 'मिसाबंदी झाली' असे म्हणत नाहीत.