प्रश्न वाचकांचे : व्हेरिकोसीलची शस्त्रक्रिया कुणाच्या उपयोगाची?

प्रश्न : आमच्या लग्नाला सहा वर्षे झाली. मूल होत नाही म्हणून पाच वर्षे माझ्याच तपासण्या चालल्या आणि त्या सर्व ठीक आल्या. यजमान जालन्यात रोलिंग मिलमध्ये भट्टीजवळ कामाला आहेत. यंदा प्रथमच त्यांची वीर्यतपासणी झाली, तेव्हा शुक्राणू कमी आढळले आणि सोनोग्राफीत डाव्या बाजूला व्हेरिकोसील निघाले. एक डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवतात. दुसरे म्हणतात, नव्या संशोधनानुसार तिचा उपयोग नाही, थेट टेस्ट ट्यूब करा. हा आजार भट्टीच्या उष्णतेने झाला का? आम्ही कोणाचे ऐकावे?
— एक वाचक भगिनी, जालना जिल्हा

उत्तर : ताई, तुमची पाच वर्षे अशी गेली याचे मला मनापासून वाईट वाटते. वीर्यतपासणी ही सोपी आणि कमी खर्चाची तपासणी असून ती पहिल्याच महिन्यात व्हायला हवी होती. पण आपल्याकडे दवाखान्याची पायरी आधी सुनेलाच चढावी लागते.

व्हेरिकोसील म्हणजे वृषणातून रक्त परत नेणाऱ्या शिरा फुगणे. उजवी शीर पोटातल्या मोठ्या शिरेला तिरकी मिळते, तर डावी शीर मूत्रपिंडाच्या शिरेला जवळजवळ काटकोनात मिळते आणि तिच्यात रक्त तुंबण्याचा संभव अधिक असतो. म्हणून हा दोष बहुतेकदा डावीकडेच आढळतो. तो साधारण 15 टक्के पुरुषांत असतो आणि त्यांतल्या अनेकांना विनासायास मुले होतात. मूल न होणाऱ्या पुरुषांत मात्र हे प्रमाण 35 ते 40 टक्क्यांपर्यंत जाते. शुक्राणू नीट तयार होण्यासाठी वृषणाचे तापमान शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी असावे लागते आणि तुंबलेले रक्त नेमके तेच वाढवते. भट्टीच्या उष्णतेने शिरा फुगत नाहीत, पण शुक्राणूंवर तिचा वेगळा परिणाम होऊ शकतो, त्यामुळे यजमानांना काही महिने भट्टीपासून दूरचे काम मिळाले तर जरूर घ्यावे.

आता मतभेदाविषयी. 2003 साली अनेक अभ्यासांच्या एका गाजलेल्या एकत्रित विश्लेषणाने या शस्त्रक्रियेचा गर्भधारणेसाठी उपयोग दिसत नाही असा निष्कर्ष काढला. परंतु त्यात ज्यांचे व्हेरिकोसील हाताला लागत नव्हते, किंवा ज्यांचा वीर्य-अहवाल मुळात चांगला होता, अशा पुरुषांवरील अभ्यासही मिसळलेले होते, आणि हा आक्षेप मला रास्त वाटतो. पुढे 2011 साली सौदी अरेबियात, हाताला लागणारे व्हेरिकोसील आणि सदोष वीर्य-अहवाल असलेल्या 145 पुरुषांची चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात शस्त्रक्रिया झालेल्या गटात वर्षभरात 32.9 टक्के, तर न झालेल्या गटात 13.9 टक्के जोडप्यांना नैसर्गिकरीत्या दिवस राहिले. म्हणूनच अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेची 2020 ची मार्गदर्शक सूचना सांगते की, केवळ सोनोग्राफीत दिसणाऱ्या व्हेरिकोसीलसाठी शस्त्रक्रिया करू नये. हाताला लागणारे असून अहवालही सदोष असेल तर तिचा विचार करावा. तुमच्या दोन डॉक्टरांतील वादाचे उत्तर बहुधा इथेच आहे.

अलीकडचे संशोधन शुक्राणूंच्या संख्येपलीकडे, त्यांच्या आतील डीएनएच्या तुटण्याकडे वळले आहे. तुंबलेल्या रक्तामुळे वाढणारा ऑक्सिडीकरणाचा ताण (पेशींना इजा करणाऱ्या घटकांचा भार) डीएनएला इजा करतो आणि शस्त्रक्रियेनंतर ही तुटफूट कमी होते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. मात्र याच धाग्यावर विकल्या जाणाऱ्या महागड्या पावडरी आणि गोळ्यांवर पैसे घालवू नका. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या, 2,370 पुरुषांच्या अमेरिकी चाचणीत झिंक व फॉलिक ॲसिड घेतल्याने वीर्याचा दर्जाही सुधारला नाही आणि बाळंतपणांचे प्रमाणही वाढले नाही.

यजमानांना मूत्ररोगतज्ज्ञांकडे न्या आणि उभे राहून तपासणी करण्याचा आग्रह धरा. फुगलेल्या शिरांची गाठ आडवे झाल्यावरही ओसरत नसेल तर तेही सांगा, कारण मग पोटाची तपासणी लागते. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता वीर्यतपासणी पुन्हा करून घ्या, एका अहवालावर निर्णय नको. शस्त्रक्रिया ठरली तर ती सूक्ष्मदर्शकाखाली करणाऱ्या शल्यविशारदाकडे करावी. तिच्यात शिरा पुन्हा फुगण्याचे आणि अंडकोशात पाणी साचण्याचे प्रमाण सर्वांत कमी असते. नवे शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागत असल्याने फरक तीन ते सहा महिन्यांनी दिसतो. तुम्ही वय कळवलेले नाही. ते पस्तिशीच्या पुढे असेल, तर ही वाट पाहायची की टेस्ट ट्यूबकडे जायचे, हे त्याच भेटीत दोघांनी मिळून डॉक्टरांशी बोलून ठरवा.