‘ग्रेन’ला रवा म्हणावे

खानापूरच्या एका वाचकाने विचारले आहे की, फिल्मवरच्या छायाचित्रात बारीक ठिपक्यांसारख्या दिसणाऱ्या ‘ग्रेन’ला मराठीत काय म्हणावे आणि ‘120 एमएमचा दाणा 35 एमएमपेक्षा बारीक असतो’ हे वाक्य बरोबर आहे का. बेळगावात वर्षानुवर्षे कानांवर पडणाऱ्या या वाक्यात दोन चुका आहेत. 35 ही मिलिमीटरमधली रुंदी आहे; 120 हा मात्र कोडॅकचा निव्वळ क्रमांक असून 1901 साली आलेल्या त्या फिल्मची रुंदी सुमारे 61 मिलिमीटर भरते. दुसरी चूक अधिक मोठी आहे, पण तिच्याकडे शब्दाच्या वाटेने गेलेले बरे.

शब्द आपल्या घरातच आहे: रवा. लाडवाचा रवा सर्वांना ठाऊक आहे. सोनार सोन्याच्या बारीक कणालाही रवाच म्हणतो, आणि कढलेले तूप किंवा आपला बेळगावी कुंदा चांगला उतरला की तो रवाळ झाला असे आपण म्हणतो. माझ्या मते हा संस्कृत ‘लव’ आहे. ‘लू’ म्हणजे कापणे, त्यावरून लव म्हणजे कापलेला अल्प तुकडा, आणि ‘रलयोरभेदः’ या जुन्या न्यायाने त्याचा रवा झाला. ‘लवलेशही नाही’ म्हणताना आपण त्याच शब्दाचे मूळ रूप उच्चारत असतो. रवा कन्नड ‘रवे’वरून मराठीत आला असे सांगणारे अभ्यासक येथे पुष्कळ आहेत, ते शेजाऱ्याच्या दारापर्यंत जाऊन थांबतात, कारण ‘रवे’चे मूळही मला लवातच दिसते.

‘कणमयता’सारखे शब्द घडवणाऱ्यांशी तर माझा स्पष्ट विरोध आहे. कण म्हटले की धूळ आठवते, आणि धूळ फिल्मवर बाहेरून बसते. ग्रेन फिल्मच्या आतला असतो: जिलेटिनमध्ये विखुरलेले चांदीच्या क्षारांचे स्फटिक रसायनात काळ्या चांदीचे होतात, आणि त्यांचे पुंजके आपल्याला दिसतात. रवाळ तुपाचा रवाही असा आतूनच धरतो.

आता ती दुसरी चूक. इलफर्ड कंपनीची एचपी 5 प्लस ही फिल्म 35 मध्ये घ्या किंवा 120 मध्ये, तिचा रवा तोच असतो. कुंदा वाटीत वाढला काय आणि परातीत वाढला काय, त्याचा रवा बदलत नाही. बदलते ते छायाचित्र मोठे करण्याचे प्रमाण, आणि त्याबरोबर रवाही मोठा दिसतो. 24 बाय 36 मिलिमीटरच्या चौकटीवरून 8 बाय 10 इंचांचा पूर्ण कागद भरायचा तर प्रतिमा सुमारे साडेआठ पट वाढवावी लागते. 120 वरच्या, 6 बाय 6 सेंटिमीटर म्हणवल्या जाणाऱ्या चौकटीची बाजू प्रत्यक्षात सुमारे 56 मिलिमीटर असल्याने तेथे साडेचार पटींत काम भागते. म्हणून ‘बारीक रव्याची फिल्म’ हे शब्द पॅन एफ प्लससारख्या 50 आयएसओच्या मंद, म्हणजे प्रकाशाला कमी संवेदनशील, फिल्मसाठी राखावेत, आणि 120 बद्दल बोलताना ‘रवा कमी उठतो’ असे म्हणावे.