वाचकांचे प्रश्न : कचऱ्यातून वीज, आणि कचऱ्यातलं पाणी

प्रश्न : मोशीला कचरा जाळून वीज करतात. शेवटी सगळं भट्टीतच जाणार असेल, तर घरी ओला-सुका वेगळा करण्याचा खटाटोप कशाला? (एक वाचक, चिंचवड)

ओल्या कचऱ्यातल्या पाण्यामुळे. देठं, साली, उरलेला भात यांच्या वजनात ७० ते ८० टक्के पाणीच असतं. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे ६०० किलोकॅलरी लागतात, आणि ही वाफ टर्बाइन फिरवत नाही, धुराबरोबर चिमणीतून निघून जाते. आता हिशेब मांडा. किलोभर ओल्या कचऱ्यात कोरडा ऐवज पाव किलो. तो जळून फार तर हजार किलोकॅलरी देईल. त्यातल्या साडेचारशे पाऊण किलो पाणी उडवण्यातच जातात. उरल्या साडेपाचशे. भट्टी नीट चालायला किलोमागे साधारण दीड हजार तरी हव्यात. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही वीजनिर्मितीच्या कचऱ्यासाठी १,५०० हाच आकडा धरला होता.

दिल्लीत तिमारपूरला १९८७ मध्ये डॅनिश तंत्रज्ञानाने दिवसाला ३०० टन कचरा जाळणारा प्रकल्प उभा राहिला. तो काही आठवड्यांतच बंद पडला, कारण आपल्या कचऱ्याची उष्णता यंत्राच्या अपेक्षेपेक्षा फारच कमी भरली. ही चूक आपण पुन्हा करता कामा नये.

ओला माल आत गेला की भट्टीचं तापमान उतरतं, अर्धवट जळण होतं आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. मग तापमान टिकवायला वेगळं इंधन जाळावं लागतं. धूर निदान ८५० अंशांवर दोन सेकंद राहिला तरच डायॉक्सिनसारखी विषं मोडतात. पुढे तो झपाट्याने थंड करावा लागतो, कारण ४५० ते २०० अंशांच्या टप्प्यात ती पुन्हा तयार होतात. त्यानंतर आम्लवायूंसाठी चुना, डायॉक्सिन आणि पाऱ्यासाठी ॲक्टिव्हेटेड कार्बन, शेवटी बारीक धूळ अडवणारी कापडी पिशव्यांची गाळणी, म्हणजे बॅग फिल्टर.

मोशीचा प्रकल्प १ ऑगस्ट २०२३ रोजी सुरू झाला. दिवसाला ७०० टन आणि १४ मेगावॉट ही त्याची क्षमता, म्हणजे किलोमागे जेमतेम अर्धा युनिट. तेवढ्यावर ९ वॉटचा दिवा पन्नासएक तास चालतो. हा अर्धा युनिट सुक्या कचऱ्याचा आहे, हे विसरू नका.

तेव्हा दुधाची पिशवी धुऊन वाळवून टाका, पावसाळ्यात सुक्या कचऱ्याचा डबा झाकून ठेवा. झाडलोटीची माती आणि बांधकामाचा राडारोडा त्यात नको. त्याची नुसती राख वाढते. काच वितळून भट्टीच्या जाळीवर गठ्ठे धरते. बॅटऱ्या आणि पीव्हीसीचे (पाइप, वायरचं आवरण यांच्या प्लास्टिकचे) तुकडे तर वेगळेच काढा.

प्रश्न : आमच्याकडे पाणी तापवायचा बंब आहे. त्यात प्लास्टिकच्या पिशव्या घातल्या तर लाकूड वाचेल का?

लाकूड वाचेल, पण फुप्फुसं खराब होतील. कृपया घालू नका. बंबातली आग वर सांगितलेलं तापमान धरून ठेवत नाही, आणि धुराला गाळणी नसते. पिशवी ठिबकत, काजळी धरत जळते. पाइप, रेक्झिन, वायरचं आवरण यांत क्लोरिन असतं, म्हणून ती सर्वात घातक. तांबं काढायला वायरी जाळणं त्याहून वाईट, कारण डायॉक्सिन बनायला तांबंच हातभार लावतं. अशी राख भांडी घासायला किंवा झाडांना वापरू नये. बंबाला करवंट्या, नारळाच्या शेंड्या, वाळक्या काटक्या घाला. अंगणात कचरा पेटवणाऱ्यांसाठीही सांगतो : हरित लवादाने २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्याला ५,००० रुपये दंड ठरवला, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,०००.

प्रश्न : आमची २०० घरांची सोसायटी आहे. छोटी भट्टी बसवून लिफ्टपुरती वीज करता येईल?

नको. बॉयलर, टर्बाइन आणि धूर गाळायची यंत्रणा एवढ्या थोड्या कचऱ्यावर परवडत नाही, आणि गाळणीशिवाय भट्टी चालवणं म्हणजे शेजाऱ्यांना धूर देणं. सुका कचरा घंटागाडीला द्या, ओल्याचा बायोगॅस करा. १०० किलो ओल्या कचऱ्यातून रोज ८ ते १० घनमीटर गॅस मिळतो, म्हणजे साधारण चार दिवसांना एक घरगुती सिलिंडर. भाभा अणुसंशोधन केंद्राचा 'निसर्गऋण' प्रकल्प याच मार्गाचा आहे.

बहुतेक संयंत्रं उतावळेपणाने बिघडतात. सुरुवातीला टाकी शेणकाल्याने भरा, दोन-तीन आठवडे थांबा, मग दिवसाला १० किलो बारीक केलेल्या कचऱ्यापासून हळूहळू वाढवा. लिंबू-संत्र्याच्या साली, हाडं, करवंट्या आत नकोत. काला आंबट होऊन सामू (आंबटपणाचं माप, pH) ६.५ च्या खाली गेला की गॅस बनवणारे जीवाणू मंदावतात. तेव्हा कचरा घालणं लगेच थांबवा, थोडी चुन्याची निवळी घाला आणि सामू ७ च्या आसपास येईपर्यंत वाट पाहा. पहिल्या दिवसांतला गॅस पेटत नाही म्हणून घाबरू नका. त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. तो उघड्या हवेत सोडून द्या, मात्र जवळपास काडी ओढू नका.