सूर्यावर चुंबकीय रेषा तुटून पुन्हा जुळतात, ते प्रयोगशाळेत करून पाहता येतं का?
हो, येतं, अमेरिकेतल्या प्रिन्स्टन प्लाझ्मा फिजिक्स लॅबोरेटरीत १९९५ पासून एमआरएक्स (मॅग्नेटिक रिकनेक्शन एक्स्परिमेंट) नावाच्या यंत्रात नेमकं हेच केलं गेलं. निर्वात टाकीत समोरासमोर दोन गोल कडी असतात. त्यांतल्या तारेच्या वेटोळ्यांचा विद्युतप्रवाह बदलला की प्लाझ्मातल्या (म्हणजे विद्युतभारित कणांच्या तप्त वायूतल्या) उलट दिशेच्या चुंबकीय रेषा एकमेकींकडे ढकलल्या किंवा ओढल्या जातात आणि मधल्या विद्युतप्रवाहाच्या पातळ पट्टीत तुटून नव्याने जुळतात. चुंबकीय क्षेत्र मोजणारी बारीक सळई, म्हणजे प्रोब, थेट आत घालून हे मोजता येतं (सौरज्वालेत, म्हणजे रेषा अशा जुळताना सूर्यावर होणाऱ्या स्फोटात, असा प्रोब खुपसायची सोय नाही!). २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार आत येणाऱ्या चुंबकीय ऊर्जेपैकी साधारण निम्मी कणांना मिळते, त्यात मोठा वाटा आयनांचा (विद्युतभारित अणूंचा). मात्र हा प्लाझ्मा सौरज्वालेतल्या प्लाझ्माच्या मानाने अगदीच लहान आणि थंड, त्यामुळे सौरज्वालेसाठी हे आकडे जसेच्या तसे उचलू नका.