मॉडेल रेल्वेचं डीसीसी इंजिन मध्येच अडखळतं, मध्येच सुसाट सुटतं. डिकोडर बदलू का?

तुमची तक्रार मला समजली ती अशी: एचओ गेजचं (१:८७ मापाचं), डीसीसीवर म्हणजे डिजिटल आज्ञांवर चालणारं डिझेल इंजिन चालता चालता गचके खातं, कधी जागच्या जागी थांबतं, आणि दोन-तीनदा तर हळू चालवत असताना एकदम पूर्ण वेगात सुटलं. बाकीची इंजिनं त्याच रुळांवर बरी चालतात. डिकोडर (इंजिनातलं आज्ञा वाचून मोटर चालवणारं सर्किट) रिसेट करून झालाय, आता नवा घ्यावा का?

एवढ्यात घेऊ नका. डिकोडर मरतात, नाही असं नाही. पण मेलेला डिकोडर बहुतेक वेळा मुकाट पडून राहतो, नाहीतर जळका वास सोडतो. कधी चालायचं, कधी नाही असे नखरे होत असतील तर त्याच्यापर्यंत वीज धड पोचत नाही असं मी आधी धरतो. ‘बाकीची इंजिनं चालतात’ यावरून रूळ निर्दोष सुटत नाहीत. आठही चाकांनी वीज उचलणारं लांब इंजिन जिथून आरामात जातं, तिथे चारच चाकांवर भिस्त असलेलं अडकतं.

साध्या डीसीवर (रुळांतला व्होल्टेज कमी-जास्त करून इंजिन चालवायच्या पद्धतीत) वीज क्षणभर तुटली तरी फ्लायव्हीलच्या, म्हणजे मोटरवरच्या जड चाकाच्या जोरावर इंजिन पुढे सरकतं आणि आपल्याला कळतही नाही. डीसीसीमध्ये वीज आणि आज्ञा दोन्ही त्याच दोन रुळांतून येतात. संपर्क तुटला की डिकोडरमधला प्रोसेसर बंद पडतो, मग पुन्हा सुरू होतो, आपल्या पत्त्यावरच्या (इंजिनाला दिलेल्या क्रमांकावरच्या) आज्ञेची वाट बघतो आणि सीव्ही ३ मध्ये (सीव्ही म्हणजे डिकोडरमधली क्रमांक दिलेली सेटिंग) जे अ‍ॅक्सिलरेशन भरलंय त्यानुसार शून्यापासून वेग घेतो. डोळ्याला न दिसणाऱ्या घाणीच्या ठिपक्याचा एवढा मोठा गचका होतो तो असा.

म्हणून स्क्रूड्रायव्हर उचलण्याआधी हेडलाइट लावा, खोलीतला उजेड कमी करा आणि इंजिन अगदी सावकाश फिरवा. गचका बसताना दिवाही मिचकावला तर वीजच तुटतेय. दिवा स्थिर आणि फक्त चाल अडखळतेय, तर मोटर, गिअर किंवा मोटरसंबंधीच्या सेटिंग्ज. (वीज तुटली तरी क्षणभर ती पुरवणारा कीप-अलाइव्ह कपॅसिटर बसवलेला असेल तर तो आधी सोडवा, नाहीतर दिवा तुम्हाला चकवेल.) दिवा दर फेरीला ठराविक जागीच मिचकावतो का तेही बघा. एकाच जागी असेल तर दोष रुळाचा, जागा बदलत असेल तर इंजिनाचा. निम्मा तपास इथेच होतो.

दोष रुळाचा निघाला तर आधी तिथला जोड तपासा. रुळांचे जॉइनर रूळ सरळ रेषेत धरायला चांगले, वीज वाहून न्यायला बेभरवशाचे. शक्यतो रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र वायर सोल्डर करा. मग सगळ्यात लांबच्या जागी दोन्ही रुळांवर एक नाणं आडवं टाका. कमांड स्टेशनने (रुळांना वीज आणि आज्ञा देणाऱ्या पेटीने) तत्क्षणी वीज तोडली पाहिजे. नाही तोडली तर नाणं लगेच उचला. वायरिंग अपुरं आहे, आणि खरा शॉर्ट झाला त्या दिवशी काहीतरी वितळेल. गचका फक्त सांध्यावर, म्हणजे एका रुळमार्गाचे दोन फाटे होतात तिथे बसत असेल तर तिथल्या फ्रॉगला (दोन फाट्यांचे रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्याला) वीज आहे का बघा. प्लॅस्टिकच्या फ्रॉगवर आखूड इंजिनं हमखास दगा देतात.

दोष इंजिनाचा असेल तर चाकांकडे वळा. कागदी नॅपकिनची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर करून रुळांवर आडवी अंथरा. ओलसर म्हणजे ओलसरच. थबथबलेली नको, अल्कोहोल पेट घेतं आणि चाकांखाली ठिणग्या उडतात. एका बोगीची (इंजिनाखालच्या चाकांच्या एका संचाची) चाकं पट्टीवर, दुसरीची उघड्या रुळावर ठेवा, इंजिन हाताने धरा आणि चाकं फिरू द्या. कागदावर दोन काळ्याकुट्ट रेघा उमटतील. बोग्यांची अदलाबदल करून रेघा फिक्या होईपर्यंत हेच करत राहा. पॉलिश पेपर मात्र चाकांना आणि रुळांना लावू नका. ओरखड्यांत घाण आणखी घट्ट बसते.

चाकं स्वच्छ झाली तरी दिवा मिचकावतोय? मग बोगी उलटी करून भिंग घ्या. चाकाच्या मागच्या बाजूला टेकणारी पितळी पट्टी खरंच टेकलीय का? अ‍ॅक्सलला केस, धागे गुंडाळले असतील तर ते पट्टीला बाजूला ढकलतात. मग इंजिन जागेवर ठेवून एकेका कोपऱ्यावर बोटाने हलकंच दाबा. एखादा कोपरा दाबल्यावर दिवा स्थिर झाला, तर त्या कोपऱ्यातली पट्टी किंवा वायरचा सोल्डर सुटलेला आहे.

आता ते सुसाट सुटणं. हा वेगळा आजार नाही, त्याच तुटक विजेचं दुसरं रूप आहे. बऱ्याच डिकोडरमध्ये साध्या डीसीवर चालण्याची सोय मुळातच चालू असते. वीज तुटून परत आली आणि आज्ञा नीट वाचता आली नाही, की डिकोडरला वाटतं आपण डीसी रुळांवर आहोत, आणि रुळांवरचा सगळा व्होल्टेज तो मोटरला देऊन टाकतो. सीव्ही २९ वाचा. त्यात ४ ही किंमत धरलेली असेल तर तेवढी वजा करा: ६ असेल तर २, ३८ असेल तर ३४. आधीच २, ३, ३४ किंवा ३५ असेल तर हात लावू नका. या बदलानंतर इंजिन साध्या डीसीवर चालणार नाही, पण बेफाम धावणंही बहुतेक थांबेल. रिसेटने ही सोय सहसा पुन्हा चालू होते आणि पत्ता ३ वर जातो. म्हणजे तुमच्या रिसेटने फायदा झालाच नसेल.

दिवा स्थिर राहून चाल अडखळत असेल तर ताल ऐका. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात नेमका एक झटका म्हणजे अ‍ॅक्सलवरचा गिअर तडकलाय किंवा दातांत काहीतरी अडकलंय. बेताल झटके म्हणजे मोटरचे कार्बन ब्रश आणि कम्युटेटर तपासायचे. जुन्या डीसी इंजिनात नंतर डिकोडर बसवला असेल तर मोटरच्या टर्मिनलवरचा छोटा कपॅसिटर राहून गेला नाही ना, हेही बघा. तो बॅक-ईएमएफच्या (फिरती मोटर स्वतः निर्माण करते आणि ज्यावरून डिकोडर वेग ओळखतो त्या व्होल्टेजच्या) मोजमापात ढवळाढवळ करतो. नारिंगी आणि करड्या वायरी मोटरच्याच. डिकोडर काढून ठेवल्यावर मोटरच्या ब्रशपासून चाकांपर्यंत मल्टीमीटरवर कंटिन्युइटी अजिबात दिसता कामा नये.

आणखी एक शक्यता: दहा-पंधरा मिनिटं छान चालून इंजिन थांबत असेल आणि थंड झाल्यावर परत चालत असेल, तर डिकोडर तापून स्वतःला बंद करतोय. कारण बहुधा जाम झालेली यंत्रणा, किंवा डिकोडरभोवती करकचून गुंडाळलेली टेप.

एवढं करूनही फरक नाही पडला, तर हा डिकोडर तशाच सॉकेटच्या, धड चालणाऱ्या दुसऱ्या इंजिनात घालून बघा. तिथेही त्याने हेच केलं तर खुशाल नवा घ्या. मात्र नवा बसवण्याआधी मोटरचा स्टॉल करंट मोजा: डीसीवर बारा व्होल्ट द्या, चाकं हाताने क्षणभर रोखा आणि अ‍ॅमीटर वाचा. तो आकडा डिकोडरच्या कमाल क्षमतेपेक्षा कमी हवा.