देवराईतली काटकी

प्रिय सई,

तुझा मेसेज वाचला. सोमजाईच्या देवराईत, म्हणजे देवीच्या नावानं राखलेल्या रानात, पडलेली वाळकी काटकी तू उचललीस आणि आजीनं ती होती तिथे ठेवायला लावली. कारण विचारलंस तर "देवी कोपते" एवढंच उत्तर मिळालं. देवी सगळ्यांची आई, मग एका काटकीवरून कोपेल कशाला, असं तू विचारतेस. आजीचं बरोबरच आहे, पण तिनं अर्धंच सांगितलं.

आता घरात गॅस आहे. पूर्वी चुलीला रोज लाकूड लागायचं. शिवाय भाजावळ असायची. भाताचा तरवा, म्हणजे लावणीची रोपं, पेरण्याआधी ती जमीन भाजतात. त्यासाठी ऐन, किंजळ अशा झाडांच्या कोवळ्या फांद्या तोडून कवळ बांधायची, ती वाळवायची आणि जमिनीवर पसरून पेटवायची. दरवर्षी तोड झालेली झाडं डोंगरउतारावर अजून दिसतात, नुसतं खोड आणि वर झुपका. अशा गावात शेजारीच भरगच्च राई उभी असताना तिला हात न लावणं सोपं नव्हतं.

आता तुझ्या काटकीकडे येऊ. समजा गावानं ठरवलं, ओलं तोडू नका, वाळलेलं न्या. मग कुणीतरी आज झाडाची साल काढून ठेवील आणि चार महिन्यांनी "वाळलंय" म्हणून तेच झाड घेऊन जाईल. कोण तपासणार? "काहीच न्यायचं नाही" हा नियम मात्र पोरालाही कळतो, आणि मोडला तर लगेच दिसतो. डोक्यावर मोळी असली की झालं, चौकशीची गरजच नाही. इकडे मी राहतो तिथे जंगलाच्या तोंडाशी दंडाची पाटी असते आणि गाडीतून फिरणारा रखवालदार असतो. आपल्याकडे पगार न घेता ते काम देवीनं केलं. म्हातारं झाड पोखरलं तरी उभं राहिलं, म्हणून धनेश पक्ष्याला घरट्यासाठी ढोली मिळाली. पडलेलं लाकूड तिथेच कुजलं, म्हणून माती भुसभुशीत राहिली आणि पाणी जिरलं. कोकणात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मे महिन्यात विहिरी तळ गाठतात. कित्येक गावांचा झरा राईतूनच निघतो, तो काही योगायोग नाही.

तरी देवराई म्हणजे अगदी कुलूपबंद जागा नव्हे. देवळाची तुळई मोडली आणि झाड हवं झालं, तर गुरव कौल लावतो. देवीच्या पाषाणावर फुलांचे ओले कळे चिकटवायचे, गाऱ्हाणं घालायचं आणि सगळ्यांनी बघत बसायचं. उजवा कळा पडला तर होकार, डावा पडला तर नाही. तुला हसू येईल. पण यात झाड तोडायचा निर्णय एकट्याचा राहत नाही, चार लोकांसमोर मागणी करावी लागते. मला तर हा भाग देवीच्या कोपापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी 1970च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया हिंडून त्यांचा अभ्यास केला. त्यांच्यामुळे शास्त्रज्ञांचं इकडे नीट लक्ष गेलं. त्यानंतर मात्र "आपले पूर्वज थोर पर्यावरणवादी होते" अशी भाषणंही फार झाली. मला ते पटत नाही. त्याच पूर्वजांनी शेजारचे डोंगर बोडके केले. त्यांनी सगळं जंगल वाचवलं नाही, एक तुकडा वाचवला, आणि तोही भीती घालून.

म्हणूनच भीती कमी झाली की राई उघडी पडते. कितीतरी ठिकाणी जीर्णोद्धाराच्या नावाखाली कौलारू देऊळ पाडून स्लॅब टाकला, गाड्या वळवायला जागा केली, पेव्हर ब्लॉक बसवले. देवी तिथेच, थाटात. राई गेली. देवीवर श्रद्धा असलेल्यांनीच हे केलं, त्यामुळे नुसत्या श्रद्धेवर माझा भरवसा नाही.

2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार गावात जैवविविधता समिती असते आणि तिनं लोकांना विचारून गावातल्या झाडाझुडपांची, प्राण्यांची नोंदवही करायची असते. सोमजाईची राई आपल्या गावाच्या वहीत आहे का, ते आजोबांबरोबर ग्रामपंचायतीत जाऊन विचार. वही दाखवली तर गारंबीच्या वेलाची नोंद आहे का तेही बघ, आणि मला कळव.

तुझा,
बाबा