केबल बदलली, फरक कळेना: कान कसा तयार करायचा?

तुम्ही लॅमिंग्टन रोडवरून चार हजारांची, चांदीचा मुलामा दिलेली हेडफोनची केबल आणलीत. मित्र म्हणाला आवाज मोकळा झाला, तुम्हाला मात्र जुन्या-नव्यात काही वेगळं लागेना. कान तयार कसा करायचा, असं विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझा कान तयार झाला गिरगावात, तानपुऱ्यावर. गाण्याच्या बाई मला भिंतीकडे तोंड करून बसवायच्या, घोडीवरचा जवारीचा दोरा (तारेखालचा हा दोरा सरकवला की तारेची झणकार, म्हणजे जवारी, बदलते) केसभर सरकवायच्या आणि विचारायच्या, "खुलली की मिटली?" कधी कधी त्या दोऱ्याला हातच लावायच्या नाहीत आणि तरीही विचारायच्या. कित्येक महिने मी अशा वेळीही बेधडक "खुलली" म्हणत असे. "तसंच आहे, बाई" हे उत्तर ज्या दिवशी आलं, त्या दिवशी त्यांनी पुढचा राग सुरू केला.

सुरुवात केबलपासून करू नका. तानपुऱ्याचं चांगलं रेकॉर्डिंग घ्या, ३ किलोहर्ट्झच्या आसपासचे स्वर इक्वलायझरने (ठरावीक पट्ट्यातला आवाज कमी-जास्त करणाऱ्या सोयीने) ३ डेसिबल वाढवून दुसरी फाइल बनवा आणि फूबार२००० या संगणकावरच्या म्युझिक प्लेअरमधल्या एबीएक्स चाचणीत, म्हणजे कोणती फाइल वाजतेय ते लपवून ओळखायला लावणाऱ्या चाचणीत, दोन्ही ओळखा. पाच-सात सेकंदांचेच तुकडे ऐका, कारण बारकाव्यांची आठवण तेवढीच टिकते. १६ पैकी १२ बरोबर आले तर पुढे जा. नुसत्या अंदाजाने तेवढे येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते. मग २ डेसिबल, १, अर्धा. मी माहीमला रुळांलगत राहतो, त्यामुळे शेवटची लोकल गेल्यावर पंखा बंद करून बसतो. वीस मिनिटं पुरेत, पुढे कान थकतो.

आता केबल. तुमचा हेडफोन कोणता ते लिहिलं नाहीत, आणि सगळं त्यावरच आहे. सेनहायझर एचडी ६०० सारखा ३०० ओहमचा असेल, तर केबलचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) एक ओहमने वाढला तरी आवाज ०.०३ डेसिबलने उतरतो. ते कुणालाही ऐकू येणार नाही. पण काही बॅलन्स्ड आर्मेचर (चिमुकल्या हलत्या पात्याने आवाज काढणाऱ्या) इयरफोनचा इम्पीडन्स, म्हणजे फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलणारा अडथळा, एका फ्रिक्वेन्सीला ५ ओहम आणि दुसरीला ४० असतो. तिथे एक ओहमची केबल पहिल्या ठिकाणी साधारण १.६ डेसिबल खाते आणि दुसऱ्या ठिकाणी ०.२. आवाजाचा तोलच बदलतो. हा फरक खरा, आणि तयार कानाला तो नक्की कळतो. चांदीचं म्हणाल तर ती तांब्यापेक्षा वीज जेमतेम ६ टक्के चांगली वाहते. तार किंचित जाड घेतली की तांब्यातही तेवढंच मिळतं.

मित्राच्या बाबतीत एक तपासा: जुनी केबल ३.५ मिलिमीटर जॅकची आणि नवी ४.४ ची बॅलन्स्ड (डाव्या-उजव्या कानाच्या तारा पूर्ण वेगळ्या असलेली) आहे का? पुष्कळ प्लेअरांत बॅलन्स्ड आउटपुटला व्होल्टेज दुप्पट, म्हणजे ६ डेसिबल जास्त असतं. आवाज अंदाजाने जुळवला तरी अर्धा-एक डेसिबल राहूनच जातो, आणि तेवढी वाढ "मोठा" अशी न जाणवता "मोकळा" अशी जाणवते.

दुसरं, आपली हवा. एका जुलैत माझा डावा इयरफोन मंद झाला. नवी केबल लावली, आवाज खुलला. मग जुनीच्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून ती परत लावली, तर तीही तशीच खुलली! दमट हवेने आणि घामाने पिनांवर थर चढला होता.

म्हणून आधी जुनीच्या पिना पुसा. मग घरातल्या कुणाला तरी नाणं उडवून केबल बदलायला किंवा तीच परत लावायला सांगा, तुम्ही पाठ करून बसा आणि दर वेळी एकच गोष्ट ऐका, उदाहरणार्थ खर्जाच्या तारेतून वर उमटणारा गांधार. हेडफोनचं मॉडेल आणि दोन्ही केबलींच्या रेझिस्टन्सचा मल्टिमीटरवरचा आकडा कळवा. प्रोब एकमेकांना टेकवल्यावर जो आकडा येतो, तो त्यातून वजा करायला विसरू नका.